वाचकांचे प्रश्न : छोट्या दुर्बिणीतून दीर्घिका

मागच्या अंकात मी काढलेला एम 51 या दीर्घिकेचा फोटो छापून आला होता. त्याखाली एवढंच लिहिलं होतं : 50 मिलिमीटरची स्मार्ट दुर्बीण, जावळी तालुका, 2 तास 10 मिनिटं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. ज्यांनी ही दुर्बीण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेन्स, कॅमेरा, मोटर आणि छोटा संगणक, सगळं एका डब्यात असतं. फोनवरून चालवायची. आकाशाचा एक फोटो काढून त्यातले तारे ती आपल्या नकाशाशी ताडून बघते, आपण कुठे बघतोय ते ओळखते आणि सांगितलेल्या जागी वळते. मग दहा-दहा सेकंदांचे फोटो, म्हणजे फ्रेम, काढत आणि एकावर एक रचत जाते. माझ्याकडे सीस्टार एस 50 आहे. उत्तरं त्या अनुभवावरून देते आहे, पण बाकीच्या यंत्रांनाही ती बहुतेक लागू पडतील.

पुण्यातले एक वाचक लिहितात : नोव्हेंबरात सोसायटीच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका धरली. दहा मिनिटांनी एक राखाडी डाग आला. बाहू नाहीत, रंग नाही. दुर्बिणीत बिघाड आहे का?

दुर्बीण ठणठणीत आहे. तुम्हाला दिसला तो देवयानीचा फक्त गाभा. ही दीर्घिका आकाशात जवळजवळ तीन अंश लांब पसरलेली आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत तेवढी. तुमच्या दुर्बिणीची चौकट सव्वा अंश बाय पाऊण अंश. दाराच्या फटीतून हत्ती बघितल्यासारखं झालं ते. ॲपमध्ये मोझेकची, म्हणजे शेजारशेजारचे भाग टिपून एक मोठं चित्र जोडण्याची सोय आहे, ती वापरा आणि तिला निदान तीन तास द्या.

दुसरं म्हणजे, तुम्ही पत्रात लिहिलंय की शहरातला उजेड कापायला फिल्टर चालू ठेवला होता. दीर्घिकांसाठी तो बंदच ठेवायचा. हा फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रंगांचा प्रकाश तेवढा आत सोडतो. मृगातल्या तेजोमेघाला तो वरदान आहे, कारण तो तेजोमेघ त्याच रंगांत उजळतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, आणि ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांचा. फिल्टर लावलात की रस्त्यावरच्या दिव्यांबरोबर देवयानीलाही दाराबाहेर उभं केलंत.

आणि दहा मिनिटं फार थोडी झाली. वेळ चौपट केला की चित्राचा खरखरीतपणा निम्मा होतो, हा साधा हिशेब आहे. दहा मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं दिलीत तर दुप्पट सुधारणा. तिथून पुढे आणखी दुप्पट हवी असेल तर 160 मिनिटं. माझ्या अनुभवात पुण्याच्या गच्चीवरचे चार-पाच तास म्हणजे आमच्या गावातला एक तास. म्हणून मी शाळेतल्या मुलांना एकच नियम सांगत आले आहे : एका रात्री एक दीर्घिका. नवी दुर्बीण आली की पहिल्या रात्री सगळ्यांच्या फोनवर वीस-वीस डाग जमतात आणि आठवड्याभरात दुर्बीण कपाटात जाते. एकीला धरून बसलात तर ती उलगडते. चंद्र नसेल अशी रात्र निवडा. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस.

एक सांगायचं राहिलं. 1923 च्या ऑक्टोबरात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीतून घेतलेल्या याच देवयानीच्या फोटोच्या काचेवर एक तेज बदलणारा तारा खुणेने दाखवला. त्यावरून तिचं अंतर काढता आलं आणि कळलं की हा आपल्या आकाशगंगेतला ढग नाही, तर बाहेरचं, स्वतंत्र विश्व आहे. आज ते अंतर 25 लाख प्रकाशवर्षं धरतात. तुमचा तो राखाडी डाग म्हणजे 25 लाख वर्षं चालत आलेला प्रकाश आहे. त्याला बिघाड म्हणू नका.

कोल्हापूरचे एक निवृत्त गृहस्थ : माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण आहे, वीस वर्षं वापरतोय. नातवाने स्मार्ट दुर्बीण आणली. तिला डोळा लावायची जागाच नाही. फोनवरच चित्र बघायचं तर ते घरात बसूनही बघता येतं. याला आकाशनिरीक्षण म्हणायचं का?

काका, तुमचा प्रश्न मलाही वर्षभर छळत होता. मीही डॉब्सोनियनवरच वाढले.

डोळ्याची अडचण अशी की तो प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या छोट्याशा भागात जेवढा आला तेवढा बघितला आणि सोडून दिला. म्हणून आठ इंची आरशातून एम 51 म्हणजे अंधारात शेजारी शेजारी दोन धुरकट ठिपके. खूप काळोखी रात्र आणि सरावलेला डोळा असेल तर वळणाचा नुसता भास. 1845 साली आयर्लंडमधल्या बर इथे लॉर्ड रॉस यांनी 72 इंची आरसा बसवलेली दुर्बीण रोखली, तेव्हा कुठे माणसाला पहिल्यांदा कळलं की तिथे भोवऱ्यासारखे बाहू आहेत. त्यांनी ते हाताने रेखाटून ठेवलं. बघत होते ती दुसरी दीर्घिका आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

आता मार्चमधली माझी रात्र सांगते. अंगणात दुर्बीण लावलेली, सप्तर्षींच्या शेपटाशी, म्हणजे मरीचीच्या जवळ वळवलेली. शेतात कुठेतरी टिटवी ओरडत होती. पहिल्या दहा सेकंदांत पडद्यावर नुसते तारे. दोन मिनिटांनी एक मोठा आणि एक लहान असे दोन डाग, म्हणजे तुमच्या आठ इंचीत दिसतात तसेच. आठव्या मिनिटाला मोठ्या डागाभोवती काहीतरी वळतंय असं वाटायला लागलं. विसाव्या मिनिटाला एक बाहू लांब होत होत थेट धाकटीपर्यंत, म्हणजे शेजारच्या लहान दीर्घिकेपर्यंत पोचला. माझ्या शेजारी आत्या बसली होती, वय 78, शाल गुंडाळून. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हिनं धाकटीचा हात धरलाय गं."

रॉस यांना 72 इंच लागले ते माझ्या आत्याने दोन इंची भिंगातून बघितलं, तेही ते घडत असताना. इंटरनेटवरचा फोटो तयार होऊन आलेला असतो. इथे तो आपल्या अंगणात आलेल्या प्रकाशाचा, आपल्या डोळ्यांदेखत तयार होतो. मला तरी हे निरीक्षणच वाटतं. डॉब्सोनियन मात्र विकू नका. शनी, चंद्र, हर्क्युलिसमधला एम 13 तारकागुच्छ, हे डोळ्यानेच बघावं; तिथे या डब्याची तिच्याशी बरोबरी नाही. दोन्ही शेजारी मांडा. नातवाला आधी तुमच्या दुर्बिणीतून ते दोन ठिपके शोधायला लावा, जागा त्याची त्याला सापडू दे, मग त्याचा पडदा बघा. यंत्र आपणहून वळतं म्हणून तारे ओळखायचं सोडून दिलं, तर पडद्यावरचं चित्र आकाशात कुठलं हे मुलांना सांगता येत नाही. हे मी वर्गात पाहिलं आहे.

सांगलीचे एक इंजिनिअर : कन्येतल्या दीर्घिकांचा समूह तीन तास टिपला. अर्ध्याहून जास्त फ्रेम यंत्राने नाकारल्या आणि उरलेल्या चित्राचे कोपरे पंख्यासारखे फिरलेले दिसतात. काय चुकलं?

तुमचं काहीच चुकलेलं नाही, आपण राहतो त्या अक्षांशामुळे हे होतं. या दुर्बिणींबद्दलचे सल्ले मुख्यतः युरोप-अमेरिकेतून येतात आणि तिकडे ही अडचण आपल्याइतकी येत नाही.

दुर्बीण आडवी फिरते आणि वर-खाली होते. आकाश मात्र ध्रुवाभोवती तिरकं फिरतं. म्हणून तारा चौकटीच्या मधोमध राहिला तरी भोवतालचं चित्र हळूहळू गरगरतं, आणि वस्तू जितकी डोक्यावर तितकं जास्त गरगरतं. कन्येतली एम 87 आपल्याकडे माथ्यावर येते तेव्हा क्षितिजापासून 85 अंश वर असते. लंडनहून तीच 51 अंशांवर दिसते. अगदी डोक्यावरचं टिपायचं म्हणजे मोटरला थोड्या वेळात पूर्वेकडून पश्चिमेकडे गर्रकन वळावं लागतं. ते तिला झेपत नाही, आणि माथ्याच्या आसपासच तुमच्या फ्रेम वाया गेल्या.

मी काय करते ते सांगते. एप्रिलच्या मध्यात हा समूह रात्री साडेअकराच्या सुमारास माथ्यावर येतो. मी आठला सुरू करते आणि सव्वादहाला, तो 70 अंशांवर आला की, थांबते. मग दक्षिणेला वळते. तिथे नरतुरंग तारकासमूहात एनजीसी 5128 ही दीर्घिका असते. ती आपल्याकडे 29 अंशांपर्यंतच चढते. दक्षिणेला डोंगर किंवा शहर नसेल अशी जागा मात्र लागते. सव्वा कोटीच्या आसपास प्रकाशवर्षं दूर, गोल मऊ उजेड आणि त्याच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा, भाकरीवरच्या करपलेल्या रेघेसारखा. अर्ध्या तासात पट्टा उमटतो. लंडनच्या माणसाला ही दीर्घिका क्षितिजाच्या वर कधीच येत नाही. आपल्या अक्षांशाचा तोटा सांगितला तसा हा फायदाही सांगायला हवा. एक वाजता कन्या पश्चिमेला कलली की पुन्हा तिच्याकडे. एका रात्री एक हा माझा नियम मी फक्त इथे मोडते.

दुसरा उपाय म्हणजे ईक्यू मोड. यात दुर्बिणीचा फिरण्याचा आसच ध्रुवाकडे रोखायचा, म्हणजे चित्राचं गरगरणं थांबतं आणि वीस-तीस सेकंदांच्या फ्रेमही बऱ्याचशा स्वीकारल्या जातात. पण पुन्हा तोच अक्षांश. ध्रुव तुमच्याकडे जेमतेम 17 अंश वर. तिकडचा माणूस डबा चाळीसएक अंश कलता करतो, आपल्याला तो सत्तरच्या वर कलवावा लागतो, जवळजवळ आडवा. सगळं वजन ट्रायपॉडच्या बाहेर जातं. मागच्या फेब्रुवारीत मी घाईघाईने तसंच लावलं आणि पाणी आणायला आत गेले. आवाज ऐकून बाहेर आले तर दुर्बीण तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर आपटून खाली पडलेली. भिंग वाचलं, पण बाजूला पडलेली खोक अजून आहे. तेव्हापासून ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला, म्हणजे डबा कलतो त्याच दिशेला ठेवते आणि मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगते. हे केल्याशिवाय ईक्यू मोडच्या वाटेला जाऊ नका.

ठाण्याच्या एक वाचक : फोनवरच्या एका ॲपने माझा एम 101 या दीर्घिकेचा फोटो इतका स्वच्छ करून दिला की ओळखू येईना. शाळेच्या प्रदर्शनात लावू का?

आधीचा खरखरीत फोटो लावा. फार तर दोन्ही शेजारी लावा आणि कोणता कशाने केला ते खाली लिहा.

मी सुधारणेच्या विरोधात नाही. मीही सिरिल आणि ग्रॅक्सपर्ट हे दोन फुकट मिळणारे प्रोग्रॅम वापरते. एकात फ्रेम नीट रचते, दुसऱ्याने शहराच्या उजेडाचा पडदा उतरवते. त्यात जे नोंदलं गेलं आहे तेच वर येतं. पण काही ॲप दीर्घिका कशी दिसावी हे आधीच शिकून आलेली असतात आणि बाहूंमध्ये गाठी, तारे, धुळीच्या रेघा आपल्या पदरच्या घालतात. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत डावीकडच्या बाहूत दोन ठळक तारे आहेत. पहिल्या फोटोत त्या जागी काहीच नाही.

हे मी एवढं का ताणते आहे ते तुमच्याच एम 101 वरून सांगते. 19 मे 2023 रोजी जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना याच दीर्घिकेच्या एका बाहूत नवा ठिपका दिसला. दोन कोटींहून जास्त प्रकाशवर्षं दूर एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. एसएन 2023 आयएक्सएफ असं त्याचं नाव. बातमी आल्यावर जगभरच्या हौशी लोकांनी आदल्या रात्रींचे आपापले फोटो काढून बघितले आणि काहींच्यात तो ठिपका आधीच होता. स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांचं तेज शास्त्रज्ञांना तिथून मिळालं. पुढच्या आठवड्यांत स्मार्ट दुर्बिणीवाल्यांनीही त्याचं तेज रोज मोजून पाठवलं. आता विचार करा, तुमच्या ॲपने तो ठिपका खरखर समजून पुसला असता तर? किंवा आज घातलेल्या दोन ताऱ्यांपैकी एखादा कुणी स्फोट समजलं असतं तर? म्हणून ॲपमध्ये सुट्या फ्रेम जपून ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि फ्रेम तारीख-वेळेसकट साठवा. जागा फार लागते, पण लागू दे.

चिपळूणहून : कोकणात पावसाळ्यात काय करायचं?

जूनपासून दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, महिन्याला एकदा बॅटरी चार्ज करा आणि वर्षभराच्या फ्रेम पुन्हा नीट रचायला घ्या. ऑक्टोबरात आकाश उघडलं की रात्री दव जोरात पडतं. तेव्हा दुर्बिणीतला हीटर चालू ठेवा. त्याने बॅटरी लवकर संपते, म्हणून पॉवर बँक जवळ हवी.

नागपूरची नववीतली एक विद्यार्थिनी : बाई, आमच्या शाळेत ही दुर्बीण आली आहे. तिच्यातून जास्तीत जास्त किती लांबचं दिसतं?

तुझा प्रश्न मी शेवटी राखून ठेवला, कारण मला तो सगळ्यात आवडला.

आधी एम 87 घे. ती साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. 2019 मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं ते हिच्याच गाभ्यातलं. तुला ती नुसता गोल कापसाचा बोळा दिसेल. आमच्या अंगणात ज्या काळ्या कातळावर ट्रायपॉड उभा राहतो तो दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिला. म्हणजे तो लाव्हा थिजल्यानंतर कधीतरी हा प्रकाश तिथून निघाला.

आता याहून लांब. कन्येतच, चित्रा ताऱ्याच्या वायव्येला थ्री सी 273 आहे. तो दीर्घिकेसारखा दिसत नाही, ताऱ्यासारखा दिसतो, म्हणून लोक बराच काळ फसले. 1963 साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या रेषा ओळखल्या. त्या 16 टक्के तांबड्याकडे सरकलेल्या होत्या. वस्तू जितकी लांब तितक्या या रेषा जास्त सरकतात, म्हणजे एवढ्या सरकायला तो आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर हवा. एका दूरच्या दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवरात वायू कोसळतोय आणि कोसळता कोसळता इतका तापतोय की अख्खी दीर्घिका त्या उजेडात हरवून जाते. अशांना क्वासार म्हणतात. तिथून प्रकाश निघून सुमारे 200 कोटी वर्षं झाली. तेव्हा पृथ्वीवर डोळा असलेलं काहीच नव्हतं, नुसते सूक्ष्मजीव होते.

आणि तो तुमच्या दुर्बिणीत येतो! त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, 13 च्या आसपास आहे. दहा मिनिटांच्या फोटोतही तो ठळक ठिपका दिसेल. याहून लांबचे क्वासार बरेच आहेत, पण ते फार मंद असतात. पहिला म्हणून हाच घे.

ॲपच्या यादीत नाव नसेल तर त्याचा आकाशातला पत्ता, विषुवांश 12 तास 29 मिनिटं, क्रांती अधिक 2 अंश 3 मिनिटं असं टाक. फिल्टर बंद. तारकानकाशाच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये तोच भाग उघडून आजूबाजूचे तारे ताडून बघ, कारण चौकटीत त्याच्यासारखेच कितीतरी ठिपके असतील आणि ते सगळे आपल्या आकाशगंगेतले असतील. जमलं तर शिक्षकांना पेंचला रात्रीचा कार्यक्रम ठेवायला सांग. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला आहे, भारतातला पहिलाच, आणि तो तुमच्या इतक्या जवळ आहे. पण त्यासाठी थांबू नकोस. हा ठिपका नागपूरच्या गच्चीवरूनही येईल.

फोटो छापून घे, तुला जो वाटतो त्या ठिपक्याभोवती पेन्सिलने गोल कर, तारीख आणि वेळ घाल आणि मला पाठव. मी माझ्या फोटोशी ताडून सांगते.